आईची निर्जळी

आईला कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला की ती हात आडवा करून म्हणायची, "नको, आज माझी निर्जळी आहे." लग्नात, बारशात, बाबांच्या साहेबांच्या घरी, शाळेत पालकसभेला, कुठंही. लहानपणी मला वाटायचं, माझी आई फार मोठी देवभक्त आहे. पुढे लक्षात आलं की घरी देवाला फूल वाहायचं कामसुद्धा ती बाबांवर ढकलते आणि एकादशीच्या दिवशी बिनदिक्कत कोळंबीचं कालवण करते. मग ही निर्जळी कुठल्या देवाची, असं विचारलं तर म्हणायची, "आहे एक. तुला काय करायचंय?"

तो देव ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बसलेला होता, हे मला फार उशिरा कळलं.

आई तिथल्या एका कारखान्यात विजेची बटणं पॅक करायची. आम्ही तेव्हा कल्याणजवळ विठ्ठलवाडीला राहायचो, त्यामुळे ती सकाळी लवकर निघायची ती दिवेलागणीलाच परतायची. कारखान्यात बायकांसाठी एकच संडास होता, मागच्या अंगाला, टेम्पो लागायचे त्याच्याही पलीकडे. तिथे जायचं म्हणजे बिड्या ओढत बसलेल्या ड्रायव्हर-क्लीनरांच्या समोरून जायचं. आणि त्याआधी सुपरवायझरच्या टेबलासमोरून. तो मान वर करायचा नाही, पण सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणायचा, "चालल्या सहलीला." बायका हसायच्या, कारण न हसून करतात काय? आईही सुरुवातीला हसली आणि मग तिनं पाणीच सोडलं. पाणी नाही तर जाणं नाही, जाणं नाही तर ऐकून घेणं नाही.

हे काही तिच्या एकटीचं डोकं नव्हतं. नवीन मुलगी कामाला लागली की जुन्या बायका तिला डबा कुठे ठेवायचा, चपला कुठे काढायच्या हे सांगायच्या आणि त्याच दमात सांगायच्या, पाणी पीत बसू नकोस. गावाला जायचं तर एसटीत बसायच्या आदल्या दिवसापासून पाणी बंद, हे आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. कुणी कुणाला शिकवलं, कुणालाच आठवत नाही. ठाणे-कल्याणच्या रस्त्यांवर पुरुषांना थांबवायला लोकांना भिंतींवर देवांच्या टाइल्स बसवाव्या लागल्या. बायकांना थांबवायला कुणाला एक खिळासुद्धा ठोकावा लागला नाही, त्या आपसूक थांबल्या.

आईची निर्जळी सुटायची ती मावशीकडे. मावशी म्हणजे आमची शेजारीण, नात्याची कुणी नव्हे. नगरकडची, हातशिलाईत आणि मशीनमध्ये सारखीच हुशार, घरीच ब्लाउज शिवायची. शाळा सुटल्यावर मी तिच्याकडेच असायचे. आई कामावरून यायची ती आमच्या दाराचं कुलूप उघडायच्या आधी मावशीच्या उंबऱ्यात टेकायची. मावशी मशीन थांबवून माठातून तांब्या भरायची. आई तांब्याला तोंड लावून घटाघटा प्यायची, निम्मं पाणी गळ्यावरून पदरावर. "हळू पी की," मावशी म्हणायची, "माठ कुठं पळून चाललाय?" मावशीला वाटायचं, बाई उन्हातान्हातून दमून आलीय. हे दिवसभरातलं पहिलं पाणी आहे, हे आईनं तिला कधी सांगितलं नाही. सवयीचं कुणी सांगत बसतं का?

मला अजून ती खोली हवी असते. मशीनच्या पायडलपाशी पसरलेल्या चिंध्या, मशीनच्या तेलाचा वास, गॅसवर फुगणारी ज्वारीची भाकरी. आमच्याकडे भात आणि आमटी, मावशीकडे भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मी दोन्हीकडे जेवून घ्यायचे. मावशीची मुलगी माझ्याहून बरीच मोठी होती आणि मला केसांची क्लिप लावू द्यायची नाही, एवढं एक दुःख सोडलं तर मला त्या घरात कशाचीच कमी नव्हती. आता इतक्या वर्षांनी, चांगल्या घरात, चांगल्या पंख्याखाली बसलेली असताना मला अचानक ती खोली आठवते. भूक नसते ती, पण भुकेसारखंच असतं काहीतरी.

मावशी बौद्ध होती, आम्ही कोकणातले कुणबी. गल्लीत हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याचं आमच्या दोन दारांमध्ये कधी काही झालं नाही. निदान मला तरी तसं वाटायचं. झालं नाही याचं कारण आईचा तो तांब्या होता, हे मला नंतर कळलं. आईनं कधी समतेवर भाषण केलं नाही, तेवढी तिची अक्कलही चालली नसती. तिनं फक्त रोज संध्याकाळी मावशीच्या तांब्याला तोंड लावलं.

मी नववीत असताना बाबांनी ठाण्याला, खोपटला, एका जुन्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. एक खोली, किचन आणि आत संडास. आई नव्या घरात गेली त्या दिवशी उगाचच दोन-तीनदा आत जाऊन आली. बाबा म्हणाले, "पोट बिघडलंय का?" आई म्हणाली, "बिघडलं नाही, सुधारलंय." आम्ही सगळे हसलो. ती खरोखर आनंदात होती. कारखाना जवळ आला, घर पक्कं झालं. फक्त कामावरून आल्यावर ती कुलूप उघडायच्या आधी जिन्यात जराशी थांबायची. मग आत येऊन फिल्टरचं पाणी प्यायची, अर्धा ग्लास, चव नसल्यासारखं.

दोन वर्षांनी मावशीच्या मुलीचा साखरपुडा ठरला. भर मे महिना. आईनं आदल्या दिवसापासून तयारी केली: जरीची साडी, नव्या नवरीसाठी पैठणीच्या काठाची पर्स आणि घरचे ओल्या नारळाचे लाडू. आणि सकाळपासून पाणी बंद, कारण बसनं विठ्ठलवाडीला जायचं, मांडवात बसायचं आणि पुन्हा बसनं परत यायचं. मलाही बजावलं, "घटाघटा सरबत ढोसू नकोस तिथं. मग ही बाई घेऊन जागा शोधत फिरायला नको मला." ठाण्याला आल्यापासून आई मला 'बाई' म्हणायला लागली होती, त्याचाच मला राग यायचा.

गल्लीतच मांडव घातला होता. मावशीनं आईला हाताला धरून सगळ्यांच्या पुढे, व्याह्यांच्या समोर, स्वतःच्या नणंदेच्या शेजारी खुर्चीवर बसवलं. ती इतकी खुश होती की मला बघून आधी रडली आणि मग म्हणाली, किती वाळलीस. मग स्वतः ट्रे घेऊन आली. सरबताचे ग्लास काचेचे, नवे कोरे. व्याह्यांना द्यायच्या आधी तिनं पहिला ग्लास आईपुढे धरला.

आईनं हात आडवा केला. "नको गं, आज माझी निर्जळी आहे."

तोंडातून गेलं. जसं सगळ्यांसमोर जायचं तसंच. मला तर काही वेगळं झाल्याचं कळलंसुद्धा नाही, मी माझं सरबत घेतलं आणि दुसरं मागितलं. पण नणंदेनं विचारलं, "आज कसली निर्जळी? एकादशी तर परवाच झाली की." व्याह्यांकडची एक बाई दुसरीच्या कानात काहीतरी बोलली. मावशी ट्रे धरून क्षणभर तशीच उभी राहिली, मग पुढच्या माणसाकडे गेली. जेवायला आई थांबली नाही, कारण जेवायचं म्हणजे वर पाणी आलंच.

मावशी गल्लीच्या तोंडापर्यंत आम्हाला सोडायला आली. मुलाकडची माणसं तिथेच पानवाल्यापाशी उभी होती. मावशी हळू आवाजात म्हणाली, "फ्लॅटात गेल्यापासून आमचं पाणी चालंना व्हय गं तुला?"

आईचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ती म्हणाली, "तसं नाही गं." एवढंच. त्या पुरुषांकडे तिनं एकदा बघितलं आणि पुढचं वाक्य गिळून टाकलं. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर आधी आत गेली, नळ सोडला, आणि खूप वेळ बाहेर आली नाही.

मावशीवर मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही. जिच्या आजीच्या ओंजळीत गावच्या विहिरीवर लोक वरून, लांबून पाणी ओतायचे, तिनं स्वतःच्या दारात, व्याह्यांच्या देखत नाकारलेल्या ग्लासाचा दुसरा काय अर्थ लावायचा? वर आईनं कारण दिलं ते उपासाचं, तेही खोट्या उपासाचं. मी मावशीच्या जागी असते तर तेवढंही बोलले नसते, ग्लास तिथेच ओतला असता.

आईनं दुरुस्त करायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मावशीकडे फोन नव्हता. गल्लीतल्या दुकानात फोन केला तर निरोप आला की ती घरात नाही. लग्नाची पत्रिका आली ती कुणा पोराच्या हाती, मावशी स्वतः आली नाही. आईनं ठरवलं होतं की लग्नाला जायचं, आदल्या रात्री राहायला जायचं, तिच्या घरात जेवायचं, तिच्या माठातलं पाणी प्यायचं, सगळ्यांसमोर. साडीही काढून ठेवली. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. कंबर धरून ती अंथरुणात वेटोळं करून पडली. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या जागी जंतू झालेत, पाणी कमी पडतंय. बाबांनी औषधं आणली. लग्न झालं, आम्ही गेलो नाही. मावशीला हवा असलेला पुरावा मिळाला.

मग वर्षं गेली. अशी वर्षं जाताना आवाज करत नाहीत. आई कुणाकडेही ब्लाउज शिवून घेतला की म्हणायची, "बाही ओढते." कल्याणकडचं कुणी भेटलं की विचारायची, विठ्ठलवाडीला कुणी ओळखीचं आहे का. असलं कुणी, तर पुढे काही विचारायची नाही. मी एकदा म्हटलं, "जा ना मग. गाडीत बसायचं आणि जायचं." तर म्हणाली, "जाऊन काय सांगू? मला मुतायला जायची लाज वाटत होती, असं सांगू?" असा शब्द आईच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बाबा पेपरच्या मागून म्हणाले, "त्यात काय, सांगायचं." त्यांना सोपं होतं. ते आयुष्यभर तांब्याभर पाणी उभ्यानं प्यायले आणि कुठलीही भिंत त्यांनी आपली मानली.

आईची सवय मला कधी लागली, मला माहीत नाही. मी आता वागळे इस्टेटमध्येच काम करते, काचेच्या बिल्डिंगमध्ये, सहाव्या मजल्यावर, विम्याची कागदपत्रं तपासायचं. आईचा कारखाना जिथे होता तिथे आता गाड्यांचं पार्किंग आहे. आमच्या मजल्यावरचं टॉयलेट इतकं स्वच्छ असतं की तिथे उदबत्तीसारखा वास येतो. तरीही घरून निघताना मी पाणी पीत नाही. मीटिंग असली तर त्याआधीही नाही. ऑफिसनं मध्ये सगळ्यांना बाटल्या वाटल्या, प्रत्येक रेघेवर किती वाजेपर्यंत किती प्यायचं ते लिहिलेलं, आणि ग्रुपवर मेसेज टाकला की आपलं आरोग्य आपल्या हातात. मी ती बाटली संध्याकाळी बेसिनमध्ये ओतून घरी जायचे. आरशात बघायचे आणि मला आई दिसायची. आमच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बायकांना ते उदबत्तीचं टॉयलेट धुवायला परवानगी आहे, वापरायला नाही. त्यांनी खाली बेसमेंटला जायचं. त्यांना बाटल्या मिळाल्या नाहीत. मिळाल्या असत्या तरी त्यांनी काय केलं असतं, हे मी सांगू शकते.

बाबा गेले, त्यानंतर आईचं दुखणं वाढत गेलं. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा. मुतखडे झाले, काढले, पुन्हा झाले. गेल्या वर्षी तिला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. बाबा असते तर देव पाण्यात घालून बसले असते, मी नुसती बाकावर बसून राहिले. एक तरुण डॉक्टर मुलगी होती, माझ्याहून कितीतरी लहान, बोलायला गोड. तिनं सांगितलं, एक किडनी जवळपास थकलीय, दुसरी सांभाळायला हवी. मग आईला विचारलं, "आजी, पाणी किती पिता?"

"लागेल तेवढं."

"तहान लागते का?"

आईनं बराच विचार केला. "नाही लागत," ती म्हणाली. "पूर्वी लागायची. कामावरून आल्यावर."

डॉक्टर म्हणाली, ही सवय बदलावी लागेल, तेवढं तुमच्या हातात आहे. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. सवय म्हणे. जिथे आईला ही सवय लागली तिथे कुणाच्या हातात काय होतं? पण ती मुलगी दिवसभर उभी होती आणि तिच्या टेबलावरही पाण्याची बाटली सील न फोडलेली होती, म्हणून मी गप्प बसले.

घरी आणल्यावर मी मोबाईलवर गजर लावले. गजर वाजला की आई आज्ञाधारकपणे ग्लास उचलायची आणि गॅलरीत जायची. महिन्याभरात गॅलरीतला मनी प्लँट ग्रीलला गुंडाळून वरच्या मजल्याकडे निघाला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी चिडले, अद्वातद्वा बोलले. ती शांतपणे म्हणाली, "घशाखाली उतरत नाही गं. मी काय मुद्दाम करते?" पालथ्या घड्यावर पाणी, असं मी म्हटलं.

त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "मला विठ्ठलवाडीला ने."

मला वाटलं, तापात बोलतेय. पण ताप नव्हता. "मी मेले तर ती यायची नाही," आई म्हणाली. "आणि ती मेली तर मला कोण कळवणार? मला एकदा तिच्याकडे जायचंय. बाकी मला काही नको." इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं असेल असं मला आठवत नाही. ते रोखून धरायचंही ती शिकली होती.

रविवारी गाडी बोलावली. आईनं सकाळी अर्धा कप चहा घेतला आणि पुढे काही घेतलं नाही. कल्याणच्या पत्री पुलाच्या आधी ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली, तेव्हा तिनं माझा हात धरला. आजारपणानं तिची लघवी धरून ठेवायची ताकद गेली होती, हे मला माहीत होतं. "वळायचं का मागे?" मी विचारलं. तिनं मान हलवली, नाही.

गल्ली ओळखू येत नव्हती. बैठ्या खोल्यांवर मजले चढले होते. मावशीचं दार मात्र तिथेच होतं, आता लोखंडी, खाली फरशी घातलेली. मावशी दारात बसून लसूण सोलत होती. केस पांढरे, चष्मा जाड, पण मान तशीच ताठ. तिनं आधी मला ओळखलं, मग आईला. लसणाचं ताट बाजूला सारलं. "ये," ती म्हणाली. एवढंच.

आत दोन खोल्या, मशीन खिडकीपाशी, आता झाकून ठेवलेलं. मावशीनं खुर्ची पुढे केली, पंखा लावला. मुलगी कशी आहे, जावई कसे, नातवंडं काय शिकतात, आईनं सगळं विचारलं, मावशीनं सगळ्याला थोडक्यात उत्तर दिलं. आणि माझ्या लक्षात आलं की मावशीनं पाणी आणलेलं नाही.

आमच्याकडे पाणी कुणी मागत नाही. माणूस दारात आलं की आधी पाणी, मग नाव-गाव. मावशीच्या घरात तर पोस्टमनलासुद्धा पाणी मिळायचं. पण ती समोर हात मांडीवर ठेवून बसून होती आणि तिला बघून मला कळत होतं की ती विसरलेली नाही.

"चहाचं इचारत न्हाई," ती शेवटी म्हणाली. "तुझं काहीतरी असंल आज."

आई खाली बघत राहिली. मला वाटलं, ती रडेल, किंवा "तसं नाही गं" म्हणेल. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "पाणी दे ना गं."

मावशी मग उठली, आत गेली. ग्लास नव्हता तिच्या हातात, स्टीलचा तांब्या होता. आईनं दोन्ही हातांनी घेतला, तोंड लावलं आणि प्यायला लागली. इतके महिने तिच्या घशाखाली एक घोट उतरत नव्हता. ती थांबत थांबत, धापा टाकत प्यायली, पदरावर सांडलं, आणि तिनं तांब्या रिकामा केला. मावशी तिच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग होता की नाही, मला सांगता येणार नाही, पण तिनं तांब्या परत घेतला नाही, तो आईच्याच मांडीवर राहिला.

थोड्या वेळानं आई चुळबुळायला लागली. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मावशीकडे बघितलं.

"मला जायचंय," ती म्हणाली.

"आत्ताच तर आलीस."

"तसं नाही. आत जायचंय. मला धरवत नाही आता." आणि मग, फार हळू, "सकाळपासून धरून ठेवलंय. बाहेर निघाले की मी पाणीच पीत नाही गं. कधीच नाही प्यायले. कुणाकडेच."

मावशी उभी राहिली. तिनं आईला दंडाला धरून उठवलं आणि आतल्या खोलीच्या कोपऱ्यातल्या दारापाशी नेलं. मी मागे गेले तर मला हातानं थांबवलं. "कडी लावू नको," ती आईला म्हणाली. "पडशील. मी धरते दार."

दार ओढून घेऊन ती त्याला पाठ लावून उभी राहिली. आतून आईचा आवाज आला, "आहेस ना गं?"

"आहे की. मी कुठं जाते."

मावशीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग दाराकडे तोंड न वळवता म्हणाली, "त्या दिवशी बी हेच व्हतं का?"

"हेच होतं."

"मग सांगायचं की."

"एवढ्या माणसांत कसं सांगू? आणि तुला सांगितलं असतं तर तू मला कुठे नेलं असतंस?"

मावशीनं पाठ दाराला आणखी घट्ट टेकवली. मग म्हणाली, "खरं हाय. तवा घरात संडास कुठं व्हता? त्या गल्लीतल्या घाणीत, व्याह्यांच्या देखत तुला घेऊन जाताना मीच लाजंनं मेले असते." मग "बरं झालं न्हाई इचारलंस," असं म्हणाली, आणि लगेच मान हलवली. "न्हाई गं. बरं न्हाई झालं."

आतून आई हुंदके देत होती की हसत होती, ते दाराबाहेर कळत नव्हतं. मावशीचे खांदे हलत होते. मी तिथे उभी आहे हे तिला मग आठवलं.

"तू काय बघत बसलीस?" ती मला म्हणाली. "चहा टाक जा. तिघींचा टाक."

मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी गेले. पातेलं कुठे असतं, ते मला तिला विचारावं लागलं.